40 किलोन्यूटनच्या दोरामागचा इतिहास

दोराच्या साहाय्याने बचावकार्य करणाऱ्या पथकाला साहित्य घेताना सर्वप्रथम ठरवावे लागते ते हे, की दोरावर एका माणसाचा भार येणार आहे की दोघांचा. आज हा प्रश्न अगदी प्राथमिक वाटतो. तो नियमात येण्याआधी मात्र अग्निशमन दलाच्या दोन जवानांचे प्राण गेले.

27 जून 1980 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लागलेल्या आगीत खिडकीशी अडकलेल्या सहकाऱ्याला सोडवण्यासाठी एका जवानाला छतावरून दोराने खाली सोडण्यात आले. त्याने सहकाऱ्याला धरले, दोघांचे वजन दोरावर आले आणि दोर तुटला. अशा दोराची ताकद किती असावी हे सांगणारे राष्ट्रीय मानक तेव्हा अमेरिकेत नव्हते. तेथील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ते 1985 मध्ये प्रसिद्ध केले (त्याचा क्रमांक 1983 असल्याने वर्षाचा घोटाळा नेहमी होतो). एका माणसासाठी 300 पौंड, दोघांसाठी 600 पौंड भार धरायचा आणि दोर त्याच्या पंधरा पट ताकदीचा घ्यायचा, असा त्याचा हिशेब होता. 9000 पौंड, म्हणजेच 40 किलोन्यूटन (किलोन्यूटन हे बल मोजण्याचे एकक), हा आकडा तिथून आला. पंधरा पट ही चैन वाटू शकते. पण गाठ, कड्याची धार, झीज आणि अचानक बसणारा हिसका यांत त्यातला मोठा वाटा खर्ची पडतो.

दोराची घडण त्याआधीच बदलली होती. पीळ दिलेला दोर भार येताच उलगडू पाहतो आणि त्यावर लटकलेले स्ट्रेचर जखमीसह गरगर फिरू लागते. जर्मनीतील एडेलरिड कंपनीने 1953 मध्ये आणलेल्या कर्नमँटल दोरात आतला गाभा बहुतांश भार पेलतो, बाहेरचे विणलेले आवरण त्याचे रक्षण करते आणि फिरणे जवळजवळ थांबते.

तरीही नुसत्या मजबूत वस्तू जमवून पद्धत सुरक्षित होत नाही, हे 1980 च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या बचावपटूंनी चाचण्यांतून दाखवले, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. त्यांची कसोटी अशी: 3 मीटर दोरावर 200 किलोचे वजन 1 मीटर खाली पडू द्यायचे. बिलेने, म्हणजे मुख्य दोराने दगा दिल्यास भार झेलणाऱ्या दुसऱ्या दोराच्या व्यवस्थेने, ते 1 मीटरच्या आत थांबवले पाहिजे आणि बसणारा हिसका 15 किलोन्यूटनच्या पुढे जाता कामा नये. बिलेच्या दोराभोवती तीन-तीन वेढ्यांचे दोन प्रुसिक (भार येताच दोर घट्ट पकडणारे बारीक दोरीचे फास) लावलेली साधी रचना या कसोटीला उतरली.

सह्याद्रीत हे आकडे जसेच्या तसे उचलता येत नाहीत. 28 जुलै 2018 रोजी आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा गिर्यारोहक स्वयंसेवक ऐन पावसाळ्यात दोर लावून खाली उतरले होते. अनेक किल्ल्यांवर तर सारे साहित्य पाठीवरूनच न्यावे लागते. 40 किलोन्यूटनच्या हिशेबात बसणारा साडेबारा मिलिमीटर जाडीचा 100 मीटर दोर 11 मिलिमीटरच्या दोरापेक्षा सुमारे अडीच-तीन किलोंनी जड असतो, आणि मुख्य व बिलेचा असे दोर दोन लागतात. युरोपीय मानक क्रमांक 1891 च्या ‘अ’ प्रकारात किमान 22 किलोन्यूटन ताकद मागितली आहे, आणि 11 मिलिमीटरचे चांगले दोर त्याहून बरीच जास्त देतात. त्यामुळे पायी जाणाऱ्या पथकाने असा दोर घेऊन, वाचलेल्या वजनात कातळाच्या धारेवर दोराखाली ठेवायची जाड आवरणे जास्त न्यावीत, असे मला वाटते.