काबूलच्या संयुक्त जिरगेची पार्श्वभूमी

काबूल येथे 9 ते 12 ऑगस्ट 2007 या चार दिवसांत पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांची संयुक्त शांतता जिरगा भरली. जिरगा म्हणजे पश्तून टोळ्यांच्या, म्हणजे जमातींच्या, वडीलधाऱ्यांची वाद मिटवणारी सभा. ती संपली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे 15 ऑगस्टला, महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरीही ज्या वाचकाने आपल्या गावच्या तंटामुक्ती समितीवर कोण बसले, त्यांना कोणी बसवले आणि धुऱ्याचे भांडण त्यांच्यापुढे न्यायला लोक का कचरले हे पाहिले आहे, त्याला काबूलच्या जिरगेची मूळ अडचण समजायला वेळ लागणार नाही. दोन्ही देशांमधली सीमा पुन्हा पेटली असताना आणि टोळ्यांच्या वडीलधाऱ्यांनाच एकदा समोरासमोर बसवावे ही मागणी पेशावरहून अधूनमधून पुढे येत असताना, आधीचा प्रयत्न कसा आखला गेला आणि कुठे अडला याची नोंद उपयोगी ठरावी.

सीमेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. ब्रिटिश हिंदुस्थानचे परराष्ट्र सचिव ड्युरँड आणि काबूलचे अमीर यांनी 12 नोव्हेंबर 1893 रोजी करार केला. अमिरांचा वार्षिक तनखा 12 लाखांवरून 18 लाख रुपये झाला आणि पुढील दोन-तीन वर्षांत सुमारे 2,600 किलोमीटरच्या रेषेचा बराचसा भाग जमिनीवर आखला गेला. मोहमंद, शिनवारी, वझीर अशा टोळ्या या रेषेने दुभंगल्या. पाकिस्तान तिला आंतरराष्ट्रीय सीमा मानतो. काबूलमध्ये राजा, कम्युनिस्ट, मुजाहिदीन, निवडून आलेले अध्यक्ष आणि तालिबान अशी सरकारे होऊन गेली, पण एकानेही ती मनापासून मान्य केलेली नाही. सप्टेंबर 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान होता. पुढे 1961 ते 1963 या काळात दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटलेले होते आणि अखेर इराणच्या शहांना मध्ये पडावे लागले. म्हणजे 2007 मध्ये जे दोन यजमान एका मंडपात बसले, त्यांचे मंडपाबाहेरच्या जमिनीच्या हद्दीबद्दलही एकमत नव्हते.

गावपातळीवरची जिरगा मात्र या वादापेक्षा कितीतरी जुनी आहे आणि तिचे काम अगदी व्यवहारी पद्धतीने चालते. वाद असलेल्या दोन्ही बाजू आधी जिरगेला ‘वाक’ देतात, म्हणजे निर्णयाचा अधिकार तिच्या हाती सोपवतात. हा अधिकार मिळाल्याशिवाय वडीलधारे बोलायलाही बसत नाहीत. मग दोन्ही बाजूंकडून जामीन म्हणून बंदुका किंवा रोकड ठेवून घेतली जाते, आणि जो निर्णय मोडेल त्याचा जामीन जप्त होतो. चर्चा चालू असेपर्यंत रक्तपात होऊ नये म्हणून ‘तीगा’ ठेवतात. तीगा म्हणजे दगड, आणि तो ठेवला की ठरलेल्या मुदतीपर्यंत कोणी कोणावर हत्यार उचलायचे नाही. तो मोडणाऱ्याला ‘नाघा’ म्हणजे दंड होतो आणि प्रसंगी त्याचे घर जाळले जाते. बसायचे ते गोल करून, त्यामुळे वरची जागा कोणाची हा प्रश्न उरत नाही. स्त्रिया या गोलात नसतात आणि पूर्वी खुनाच्या तडजोडीत मुली देण्याचे निर्णयही याच गोलात झाले आहेत. जिरगेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे विसरू नये. पण तिची ताकद कुठून येते हे स्पष्ट आहे: ज्यांचे भांडण, त्यांनीच अधिकार द्यायचा.

इंग्रजांनी नेमका हाच भाग उलटा केला. 1901 च्या सरहद्द गुन्हे कायद्याखाली पोलिटिकल एजंट हा अधिकारी स्वतःच्या पसंतीचे वडीलधारे नेमून ‘जिरगा’ भरवू लागला. तिने एजंटाला सल्ला द्यायचा आणि निकाल एजंटाने द्यायचा, अशी ही रचना होती. निकालावर न्यायालयात अपील नव्हते. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या टोळीला दंड करण्याची, टोळीची नाकेबंदी करण्याची आणि माणसे अडकवून ठेवण्याची तरतूद त्या कायद्यात होती. टोळीतून सरकारी मर्जीचे ‘मलिक’ निवडायचे, त्यांना भत्ते द्यायचे आणि त्यांच्यामार्फत रस्ते व खिंडी सांभाळायच्या, असा कारभार होता. पाकिस्तान झाल्यावरही हा कायदा तसाच राहिला. बाजौर, मोहमंद, खैबर, ओरकझई, कुर्रम, उत्तर वझिरिस्तान आणि दक्षिण वझिरिस्तान या सात एजन्सींत, म्हणजे पोलिटिकल एजंटांच्या ताब्यातल्या टोळ्यांच्या भागांत, 1997 च्या निवडणुकीपूर्वी सामान्य माणसाला मताचा हक्कही नव्हता. मतदान फक्त मलिक करीत. देश स्वतंत्र होऊन अर्धशतक होत आले तरी हे चालू होते, ही गोष्ट आपल्याकडच्या पार्श्वभूमीपर लेखनात सहसा येत नाही.

सरकारने नेमलेली जिरगा आणि लोकांनी अधिकार दिलेली जिरगा एकच समजण्याची सवय इथूनच सुरू झाली. 2001 नंतर ही सवय महागात पडली. अमेरिकी फौजांच्या दबावाने अफगाणिस्तानातून निसटलेले लढवय्ये वझिरिस्तानात शिरले, त्यांच्यामागे पाकिस्तानी लष्कर शिरले आणि लष्कराचे नुकसान होऊ लागले तेव्हा सरकारने टोळ्यांच्या मध्यस्थीने करार सुरू केले. एप्रिल 2004 मध्ये शकई येथे आणि फेब्रुवारी 2005 मध्ये सरारोघा येथे असे करार झाले. तिसरा 5 सप्टेंबर 2006 रोजी मिरानशाह येथे झाला आणि त्यात लष्कराने नाकी उठवायची व लढवय्यांनी सीमा ओलांडून हल्ले करायचे नाहीत असे ठरले. करारांवर सह्या होत होत्या, पण मधल्या काळात ज्यांनी मध्यस्थी करायची त्या मलिकांचेच मुडदे रस्त्यावर पडू लागले होते. ‘सरकारचा हेर’ असे ठरवून शेकडो वडीलधाऱ्यांना मारण्यात आले. जुन्या पद्धतीत ज्या माणसाच्या शब्दाला वजन होते तो माणूसच उरला नाही, आणि ज्याच्या हाती बंदूक होती तो तरुण जिरगेच्या गोलात बसणारा नव्हता.

या परिस्थितीत 27 सप्टेंबर 2006 रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी वॉशिंग्टनला दोन्ही देशांच्या अध्यक्षांना जेवायला बोलावले. त्याआधीचे काही दिवस दोघे जाहीरपणे एकमेकांना दोष देत होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना टोळ्यांच्या सभा भरवाव्यात ही कल्पना अफगाण अध्यक्षांनी मांडली आणि पाकिस्तानी अध्यक्षांनी ती नाकारली नाही. टोळ्यांच्या शांतता सभेचा निर्णय टोळ्यांपासून हजारो कोस दूर, तिसऱ्याच्या घरी झाला, याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही.

दोन्ही बाजूंनी तयारीसाठी आयोग नेमले आणि 2007 च्या पूर्वार्धात त्यांच्या संयुक्त बैठका झाल्या. विषयपत्रिकेवर तडजोड तुलनेने लवकर झाली, कारण सीमारेषेचा प्रश्न बाजूला ठेवण्यात दोघांनाही सोय होती. पाकिस्तानच्या लेखी तो प्रश्नच नव्हता. काबूलच्या लेखी तो होता, पण काढला असता तर सभाच झाली नसती. खरा घोळ सदस्यांच्या यादीवरून झाला. ही सभा टोळ्यांची असेल तर सीमेलगतच्या टोळ्यांनी आपले वडीलधारे स्वतः पाठवावेत हे सरळ होते. काबूलला मात्र ती साऱ्या राष्ट्राची सभा करायची होती, म्हणून तिथल्या यादीत खासदार, उलेमा, प्रांतिक परिषदांचे सदस्य, स्त्रिया आणि सीमेपासून फार दूर राहणारे लोकही आले. पाकिस्तानी यादी सरहद्द प्रांत (आताचा खैबर पख्तुनख्वा), बलुचिस्तान आणि सात एजन्सींपुरती ठेवण्याकडे इस्लामाबादचा कल होता, पण तीही सरकारी मार्गानेच तयार झाली. आणि ज्यांच्याशी युद्ध चालू होते त्या तालिबानला कोणत्याच यादीत जागा नव्हती. म्हणजे ‘वाक’ देणारी एक बाजू मंडपातच नव्हती. आयोजकांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे: सशस्त्र गटाला बोलावले तर त्याला मान्यता दिल्यासारखे होते, आणि वॉशिंग्टनला ते त्या वर्षी चालणारे नव्हते. पण मग त्या सभेला जिरगा म्हणण्याचा आग्रह का, याचे समाधानकारक उत्तर कोणी दिलेले नाही.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, भामरागडहून इंद्रावतीच्या पल्याड पाहिले की दुसरे राज्य सुरू होते. माडिया गावांची सोयरीक मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर आहे. तिथल्या इलाक्याच्या बैठकीत गायता, भूमिया हे परंपरागत प्रमुख आणि गावोगावची जाणती माणसे बसतात आणि सगळ्यांचे एकमत होईपर्यंत उठत नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमतीची हीच रीत ग्रामसभेत आणली. त्याच जिल्ह्यात तंटामुक्तीच्या समित्याही झाल्या. त्यांपैकी काहींनी चांगले काम केले, काही पुरस्काराच्या रकमेपुरत्या जाग्या झाल्या. फरक कागदावरच्या नियमांत नव्हता, लोकांनी तिथे वाद नेला की नाही यात होता. आपली सीमा दोन राज्यांची आहे आणि त्यांची दोन देशांची, त्यामुळे ही तुलना यापुढे ओढणे योग्य होणार नाही.

प्रत्यक्ष सभेच्या तोंडावरच वझिरिस्तानचा आधार निखळला. जुलै 2007 मध्ये इस्लामाबादच्या लाल मशिदीवर लष्करी कारवाई झाली आणि काही दिवसांतच उत्तर वझिरिस्तानच्या लढवय्यांनी मिरानशाहचा करार मोडल्याचे जाहीर केले. वझिरिस्तानच्या वडीलधाऱ्यांनी काबूलला जाण्यास नकार दिला. ज्या भागातून युद्ध सीमेपलीकडे जात होते, तोच भाग सभेतून गळाला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाकिस्तानी अध्यक्षांनीही येणे रद्द केले आणि पंतप्रधानांना पाठवले. पुढे फोनाफोनी झाली आणि अध्यक्ष समारोपाला हजर राहिले. सुमारे 700 सदस्य ज्या भल्यामोठ्या तंबूत बसले, त्यात खुर्च्यांच्या रांगा होत्या, व्यासपीठ होते आणि दोन्ही देशांचे झेंडे होते.

तिथे पाकिस्तानी अध्यक्षांनी पाकिस्तानच्या भूमीतून अफगाण लढवय्यांना मदत मिळते हे जाहीरपणे मान्य केले, आणि माझ्या मते चार दिवसांतली हीच सर्वांत मोलाची गोष्ट होती. दहशतवाद हा दोन्ही देशांचा समान धोका आहे, आपल्या भूमीवर त्याला थारा दिला जाणार नाही, अफूच्या व्यापाराविरुद्ध एकत्र काम होईल, अशी कलमे जाहीरनाम्यात आली. शिवाय दोन्ही बाजूंचे प्रत्येकी 25 असे 50 सदस्यांचे एक छोटे मंडळ, म्हणजे ‘जिरगगई’, नेमायचे ठरले. विरोधी गटांशी समेटाची बोलणी पुढे न्यायचे काम या मंडळाकडे होते. पुढची मोठी जिरगा पाकिस्तानात भरायची होती.

ती भरली नाही. छोट्या मंडळाची बैठक इस्लामाबादला 27 आणि 28 ऑक्टोबर 2008 रोजी, म्हणजे सव्वा वर्षाने झाली. तोपर्यंत पाकिस्तानात सत्ता बदललेली होती. दोन्ही देशांतल्या विरोधी गटांशी संपर्क साधायचा निर्णय त्या बैठकीत झाला. तो कागदावरच राहिला. जून 2010 मध्ये काबूलला पुन्हा एक शांतता जिरगा झाली, पण ती फक्त अफगाणिस्तानची होती आणि तिच्या उद्घाटनालाच रॉकेटे येऊन पडली.

सीमेजवळ लोकांनी स्वतः भरवलेल्या जिरगेचे काय होऊ शकते, हे 17 मार्च 2011 रोजी दत्ता खेल येथे दिसले. उत्तर वझिरिस्तानातल्या या ठिकाणी क्रोमाइटच्या खाणीचा वाद मिटवण्यासाठी वडीलधारे उघड्यावर दोन गोल करून बसले होते. बैठकीची कल्पना जवळच्या लष्करी ठाण्याला आधीच दिली होती, असे वाचलेल्यांनी नंतर सांगितले. अमेरिकी ड्रोनमधून सुटलेल्या क्षेपणास्त्रांनी चाळीसच्या आसपास माणसे मारली. त्यानंतर त्या भागात चारचौघांत बसायलाही लोक घाबरू लागले.

मे 2018 मध्ये घटनादुरुस्तीने सातही एजन्सी खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झाल्या आणि 1901 चा कायदा गेला. या विलीनीकरणाचे स्वागत तरुणांनी जास्त केले, जुन्या मलिकांनी कमी. मलिकांचे भत्ते जाणार होते, हे त्यामागचे एक कारण होते. जिरगा मात्र गेली नाही. कुर्रममध्ये 2024 मध्ये जमिनीच्या वादातून शिया आणि सुन्नी टोळ्यांत रक्तपात उसळला आणि वाहनांच्या ताफ्यावरील हल्ल्यानंतर रस्ते बंद पडून तिथल्या परचिनार शहराला औषधे मिळेनाशी झाली. तेव्हा 1 जानेवारी 2025 रोजी कोहाट येथे जो समेट झाला, तो जिरगेतच झाला. खंदक बुजवायचे आणि जड हत्यारे सरकारकडे द्यायची असे त्यात होते. त्याची अंमलबजावणी अडखळत झाली.

सीमेपलीकडचा शेवटचा मोठा प्रयत्न जून 2022 मधला आहे. त्या वेळी काबूलमध्ये तालिबानचे सरकार आलेले होते आणि पाकिस्तान सरकारशी लढणाऱ्या पाकिस्तानी तालिबानशी बोलण्यासाठी पन्नासहून अधिक सदस्यांची जिरगा पाकिस्तानातून काबूलला गेली. एका बाबतीत ती 2007 च्या सभेपेक्षा खरी होती, कारण ज्यांच्याशी भांडण ते समोर बसले होते. परंतु त्यांची मुख्य मागणी विलीनीकरण रद्द करण्याची होती आणि ती मान्य करण्याचा अधिकार त्या जिरगेला कोणी दिलेला नव्हता. बोलण्यांच्या काळातली शस्त्रसंधी पाकिस्तानी तालिबानने नोव्हेंबर 2022 मध्ये मोडली.

आता भूगोलही बदलला आहे. तोरखम या सीमेवरच्या नाक्यावर जून 2016 पासून पासपोर्ट आणि व्हिसा लागतो आणि 2017 पासून रेषेवर काटेरी तारांचे दुहेरी कुंपण उभे राहिले. चमनच्या नाक्यावर 2023 मध्ये हीच सक्ती झाली, तेव्हा रोज पलीकडे कामाला जाणारे मजूर आणि व्यापारी महिनोन्‌महिने धरणे धरून बसले. ज्या वडीलधाऱ्याला पूर्वी डोंगर उतरून दुसऱ्या बाजूच्या भाऊबंदांच्या जिरगेला जाता येत होते, त्याला आता दोन सरकारांची परवानगी लागते, आणि ती कोणाला द्यायची हे सरकारेच ठरवतात.