पडद्यावरच्या पुस्तकांची उसनवारी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका छोट्या वाचनालयात नारायण धारपांच्या ‘ग्रहण’ची एक प्रत होती. शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी डकवलेली. त्यावर बरीच वर्षं तुरळक शिक्के, आणि २०१८ पासून एकाखाली एक अशी रांग. त्या वर्षी झी मराठीवर पल्लवी जोशींची ‘ग्रहण’ मालिका सुरू झाली होती, याच कादंबरीवर बेतलेली. काउंटरवरचे काका म्हणाले, “लोकांना शेवट आधी हवाय. मग मालिका बघताना घरच्यांवर भाव मारता येतो.”

रहस्यमालिकेत पुस्तक डोकावतं ते असं उघड कमी, आडून जास्त. ही सवय टीव्हीची नव्हे, रहस्यकथेचीच. एडगर ॲलन पो यांचा गुप्तहेर द्यूपाँ १८४१ मध्ये अवतरला. पुढे कॉनन डॉयलच्या १८८७ च्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये वॉटसनने शेरलॉक होम्सची तुलना याच द्यूपाँशी केली, तर होम्सने त्याला चक्क सुमार ठरवलं. म्हणजे होम्स पहिल्याच कादंबरीत आपल्या पूर्वजाचं नाव घेतो आणि लगेच त्याचा पाणउताराही करतो.

त्याच कादंबरीत खुनाच्या खोलीतल्या भिंतीवर रक्ताने ‘राखे’ (Rache) असं लिहिलेलं सापडतं. इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला वाटतं, कोणी ‘रेचेल’ (Rachel) हे नाव लिहिता लिहिता थांबलं. होम्स त्याला खोडून काढतो: हा जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. बीबीसीने २०१० मध्ये ‘शेरलॉक’ आणली, तेव्हा पहिल्याच भागात तीच अक्षरं आली. या वेळी मरणाऱ्या बाईने ती नखांनी जमिनीवर कोरलेली. जर्मन अर्थ सांगणारा पोलिसांचा न्यायवैद्यक तज्ज्ञ अँडरसन तोंडावर आपटतो आणि बाईला ‘रेचेल’च लिहायचं होतं हे शेरलॉक ओळखतो. भालबा केळकरांच्या मराठीतून होम्स वाचलेला माणूस इथे सावरून बसतो, आणि नेमका तोच फसतो. आठवणीचाच सापळा करणं हा मला या प्रकारातला सर्वांत अस्सल डाव वाटतो.

दुसरा डाव नुसत्या नावाचा. अँब्रोज बिअर्स यांनी १८८६ मध्ये ‘कार्कोसा’ नावाच्या उजाड नगराची कथा लिहिली. रॉबर्ट चेंबर्स यांनी १८९५ च्या ‘द किंग इन यलो’ या कथासंग्रहात ते नाव उचललं. त्यातल्या काही कथांत एक नाटक आहे, जे वाचणाऱ्याचं डोकं फिरतं. पुढे भयकथाकार लव्हक्राफ्टने याच गोतावळ्यातली नावं आपल्या कथांत पेरली. आणि २०१४ मध्ये एचबीओच्या ‘ट्रू डिटेक्टिव्ह’मध्ये लुइझियानाच्या दलदलीतल्या खुनांचा माग काढताना ‘यलो किंग’ आणि ‘कार्कोसा’ हे शब्द कानावर पडू लागले. मालिकेने त्यांचा नीट खुलासा केलाच नाही. तरी, किंवा म्हणूनच, शंभरावर वर्षं जुनं पुस्तक ॲमेझॉनच्या विक्रीयादीत वर जाऊन बसलं. ‘लॉस्ट’ या अमेरिकी मालिकेत तर पात्रं बेटावर चक्क पुस्तकं वाचत बसत, आणि प्रेक्षक पडदा थांबवून मुखपृष्ठं न्याहाळत.

आपल्याकडे मात्र उसनं घेतलं की ते झाकायची रीत. बाबूराव अर्नाळकरांची धनंजय-छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्याच साच्यातली, पण वावरते ती इथल्या मातीत. धारपांची ‘आजी’ ही स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या कथेचं रूपांतर. ती गोष्ट राही बर्वे यांच्या मनात रुतून बसली आणि त्यातून पुढे त्यांच्या ‘तुंबाड’ चित्रपटाचं बीज पडलं. याला चोरी म्हणून नाक मुरडणारे आहेत. माझं मत निराळं आहे. इंग्रजी पुस्तक ज्यांच्या हाती कधी येणारच नव्हतं, त्यांच्या घरात ती भीती मराठीतून शिरली. पहिल्या पानावर मूळ लेखकाचं नाव टाकलं असतं तर काही बिघडलं नसतं, एवढं मात्र खरं.

म्हणूनच की काय, आपल्या मालिकांना पुस्तकाचा इशारा फारसा जमत नाही. समोरच्याने ते वाचलंय याची खात्री नसते. गाण्याचं तसं नाही. कोकणातल्या आकेरीच्या वाड्यात घडणारी ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये आली, तिचं नाव १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटातल्या सुधीर मोघे यांच्या गाण्याचं. एक पात्रही पडद्यावर यायच्या आत प्रेक्षकाच्या डोक्यात पुढची ओळ आणि त्यातल्या सावल्या हजर. ‘राखे’साठी आधी कादंबरी वाचलेली असावी लागते, इथे रेडिओ ऐकलेला असला तरी पुरतं.

त्या वाचनालयात ‘ग्रहण’च्या रांगेत असलेल्या एका बाईंनी ‘रात्रीस खेळ चाले’चंही पुस्तक मागितलं होतं. काका रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाले, “पुस्तक नाही ताई, गाणं आहे.” बाईंनी क्षणभर विचार केला, ओठातल्या ओठात चाल पकडली, आणि “अगंबाई, खरंच की,” म्हणत धारपांचं दुसरं काहीतरी घेऊन गेल्या.