ताट वाजवून कान कळत नाही

वर्षाचं पोर हाकेला वळेना, की आमच्या दापोली-गुहागरकडे आजी त्याच्या मागे उभी राहून पितळी ताट वाजवते. पोर दचकलं की निकाल लागला: ‘ऐकू येतंय हो! बापूसही उशिराच बोलला होता.’ त्यात दोन वर्षं निघून जातात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

ताटाचा दणका मोठा असतो, शिवाय आजीची सावलीही पोराला दिसते. आणि बहिरेपण म्हणजे सगळंच बंद, असं नसतं. पुष्कळ मुलांना ढोल, होडीचं इंजिन, समुद्राची गाज ऐकू येते. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे बारीक, उंच पट्टीचे आवाज पोचत नाहीत. ‘मासा’तला ‘सा’ कानीच पडला नाही, तर तो तोंडात यायचा कुठून?

खरी तपासणी साधी आहे. ओएई चाचणीत कानात मऊ टोक ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद नोंदवतात. बाळ झोपलेलं असलं तरी चालतं, दुखत नाही. शंका उरली तर बेरा करतात, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहणारी चाचणी. १ महिन्यापर्यंत तपासणी, ३ महिन्यांपर्यंत निदान, ६ महिन्यांपर्यंत उपचार सुरू, हा तज्ज्ञांनी मान्य केलेला क्रम. ऐकायचं मशीन कानाला लावल्याबरोबर मूल बोलू लागत नाही. वाचा-उपचार लागतात, घरच्यांनी दिवसभर बोलावं लागतं.

वय उलटलं असलं तरी आजच जिल्हा रुग्णालयात विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. पुढच्या उपचारांसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.