ख्रिस्ती धर्मशिक्षण (मुलांचे)

मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत वाढवण्याची, घर आणि चर्च यांनी मिळून चालवलेली रीत. कॅथलिक घरांत तिला ‘कॅटेकिझम’ म्हणतात, गोव्यात ‘दोतोर्न’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द आहे, तर प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘संडे स्कूल’ रूढ आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः वसई, मुंबई आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या भागांतील मराठी ख्रिस्ती समाजापुरती आहे.

या रीतीचा पाया बायबलमध्ये आहे. देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांविषयी बोलत जावे, असे ‘अनुवाद’ नावाच्या बायबलमधील पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे शाळेचा वर्ग नव्हे, तर रोजचे जगणे हीच शिकवण्याची जागा. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल बापांना बजावतो, की मुलांना ‘चिरडीस आणू नका’. ही दुसरी सूचना मात्र धर्मशिक्षणावरच्या चर्चेत फार कमी वेळा ऐकू येते. आजच्या पालकांना तिचीच गरज अधिक आहे.

कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार मुलांच्या धार्मिक संगोपनाचे कर्तव्य आणि पहिला हक्क आईवडिलांचा असतो. धर्मगुरू, धर्मभगिनी, धर्मशिक्षक हे त्यांचे मदतनीस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1965 च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात हेच ठासून सांगितले; त्याआधी 1964 च्या चर्चविषयक दस्तऐवजात तिने कुटुंबाला ‘घरातले चर्च’ मानले होते. बाप्तिस्म्याच्या वेळी उभे राहणारे धर्मपिता आणि धर्ममाता यांनीही ही जबाबदारी उचलायची असते. त्यासाठी सामान्यतः वयाची 16 वर्षे पूर्ण आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार, कन्फर्मेशन) झालेले असावे लागते. पुढे लहान मुलाला काका-मामाच्या रांगेत आणखी एक हक्काचे माणूस मिळते, हे या प्रथेचे खरे मोल.

पश्चिम किनाऱ्यावर या शिक्षणाचा इतिहास जुना आहे. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्याला आले आणि हातात घंटी घेऊन रस्त्यांतून मुलांना शिकवणीला बोलावू लागले. शिकवण गाण्यात बांधायची आणि मुलांनी ती घरी नेऊन मोठ्यांना ऐकवायची, ही त्यांची पद्धत होती. पुढे धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ सिद्ध केले. जुनी पुराणे सुटली, आता आम्ही ऐकायचे काय, या नवख्रिस्ती लोकांच्या प्रश्नाचे ते उत्तर होते. त्यांचीच कोकणीतील प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये गोव्यातील रायतूरला छापली गेली. वसईतून पोर्तुगीज सत्ता 1739 मध्ये गेली, तरी गावांतला ख्रिस्ती समाज टिकला.

प्रोटेस्टंट बाजूला 1813 मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले आणि 1831 पासून अहमदनगर हे त्याचे मोठे केंद्र बनले. इंग्लंडमध्ये 1780 च्या सुमारास रॉबर्ट रेक्स यांनी गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी चालवलेल्या रविवारच्या शाळेचे वारे या मिशनांबरोबर इकडे आले. ना. वा. टिळकांच्या भक्तिगीतांमुळे मराठी मंडळ्यांतल्या मुलांना अभंगाच्या चालीत येशूविषयी गाता आले. परक्या चालीवर बसवलेल्या गीतापेक्षा असे पद लवकर तोंडी बसते.

कॅथलिक घरांतली आजची शिस्त साधारण अशी. मूल काही आठवड्यांचे असताना बाप्तिस्मा होतो. पहिले कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेणे, सात-आठ वर्षांच्या आसपास, कारण पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये वयाची अट कळत्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे सातव्या वर्षापर्यंत खाली आणली. दृढीकरण पुढे किशोरवयात. पहिल्या कम्युनियनच्या आधी मुलांना अभिमंत्रण न केलेल्या भाकरीच्या पातळ चकत्या देऊन सराव करून घेतात: उजव्या हातावर डावा तळवा, मग ‘आमेन’, मग बाजूला सरकून तोंडात. एखादे मूल ती चकती हातातच धरून चवीबद्दल विचारते. धर्मशिक्षिका समजूतदार असली, तर तिथेच प्रश्नाला तोंड देते आणि प्रश्नोत्तरीची पाठ केलेली ओळ बाजूला ठेवते.

‘सेक्युलर’ या शब्दाचा भारतातला अर्थ मुलांच्या वाट्याला वेगळा येतो. युरोपात धर्म सार्वजनिक जीवनातून मागे सरला. इथे तो चहूकडे आहे, फक्त अनेकांचा आहे. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही; अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीवाचून मुलाला त्यात बसवता येत नाही. त्यामुळे अनेक कॉन्व्हेंट शाळांत कॅथलिक मुले कॅटेकिझमच्या तासाला एका वर्गात आणि बाकीची नीतिशिक्षणाला दुसऱ्या वर्गात जातात. बाकावरची मैत्रीण त्या तासापुरती दूर होते, आणि आपण वेगळे आहोत हे मुलाला पहिल्यांदा बहुधा इथेच कळते. शेजारच्या गणपतीला जायचे का, प्रसाद घ्यायचा का, हे प्रश्न त्यानंतर घरात येतात. एकाच गल्लीतली दोन ख्रिस्ती घरे त्यांना वेगवेगळी उत्तरे देतात. मुलाला नुसते ‘नको’ म्हणण्यापेक्षा कारण सांगणारे घर पुढे कमी अडचणीत येते.

मात्र मुलांना श्रद्धेपासून दूर नेणारी खरी ताकद इतर धर्मांची नाही, वेळापत्रकाची आहे. क्लास, क्रिकेटचे कोचिंग, सराव परीक्षा यांना रविवारची सकाळ सोयीची वाटते. शिष्यवृत्ती परीक्षाही बहुधा रविवारीच येते. दहावीचे वर्ष लागले, की धर्मशिक्षणाला सुट्टी देणारे पालक थोडे नाहीत. देवाला वर्षभर थांबवता येते, हा धडा मूल त्यातून पक्का शिकते. 2020 मध्ये चर्चची दारे बंद झाली, वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा कित्येक आईवडिलांना मुलाशेजारी बसून धडा पहिल्यांदा पुरता ऐकावा लागला.

वसईतील कुपारी, वाडवळ आदी ख्रिस्ती समाजांत संध्याकाळची घरची प्रार्थना हे अजूनही शिकवण्याचे मुख्य साधन आहे. दिवे लागल्यावर वेदीसमोर मेणबत्ती लावतात, पंख्याच्या वाऱ्याने ती विझू नये म्हणून पंखा बंद करतात, आणि माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना, सुरू होते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि कॅटेकिझम इंग्रजीत, आजीची प्रार्थना मराठीत, घरातले बोलणे कादोडी किंवा वाडवळीत. माळेतल्या बहुतेक प्रार्थना दोन भागांत विभागलेल्या असतात, एकाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी पुरी करायची. आजी म्हणते, ‘नमो मरिये, कृपापूर्णे’, आणि तिच्या मांडीला टेकलेला नातू ‘होली मेरी, मदर ऑफ गॉड’ म्हणून ती पुरी करतो. काही घरांत यावरून वाद होतात, काही घरांत आजी मराठी अर्धा भाग हळूहळू नातवाकडून घोकून घेते.