अडीच मिलिमीटरचा फेरा: बारीक घासकामासाठी सँडर निवडताना

ओटीवरच्या झोपाळ्यासाठी फणसाची फळी घासून तयार होते. तळवा फिरवला तर कुठे काही लागत नाही. पॉलिशचा पहिला हात बसतो, आणि सकाळी पडवीतून तिरपं ऊन आत आलं की उडदाच्या दाण्याएवढी बारीक वेटोळी फळीभर उमटलेली दिसतात. मग पॉलिशवाल्याला बोल लागतो. खरं तर वेटोळी आदल्या दिवशीच पडलेली असतात. कोरड्या लाकडावर ती डोळ्याला कळत नाहीत. पॉलिश चऱ्यांत मुरलं की उठून दिसतात.

ती उडदाएवढीच का, बांगडीएवढी का नाही, याचं उत्तर सँडरच्या, म्हणजे लाकूड घासायच्या विजेच्या यंत्राच्या, पोटात आहे. बारीक कामासाठी जो सँडर वापरतात, म्हणजे रँडम ऑर्बिट सँडर, त्याचा गोल पॅड मोटरच्या आसावर बरोबर मधोमध बसवलेला नसतो. तो किंचित बाजूला, सव्वा ते अडीच मिलिमीटर सरकवून बसवतात. त्यामुळे मोटर फिरली की पॅडला लावलेल्या सँडपेपरवरचा प्रत्येक कण एका चिमुकल्या वर्तुळात फिरतो. आस सव्वा मिलिमीटर बाजूला असेल तर वर्तुळ अडीच मिलिमीटरचं, अडीच असेल तर पाचाचं. हा झाला सँडरचा फेरा. माहितीपत्रकात तो ‘ऑर्बिट’ म्हणून दिलेला असतो आणि बहुधा कुणी वाचत नाही. दुकानात विचारतात ते वॅट. १२५ मिलिमीटरच्या पॅडला २५० ते ३०० वॅट भरपूर होतात. त्यापुढचे वॅट फिनिशमध्ये काही भर घालत नाहीत.

फेऱ्याचं महत्त्व कळायला साधा गुणाकार पुरतो. अडीच मिलिमीटरचा फेरा, मिनिटाला १२,००० फेरे: कण सेकंदाला साधारण दीड मीटर वेगानं लाकडावरून जातो. फेरा पाचाचा केला की वेग दुप्पट, तीन मीटर, आणि चराही दुप्पट मोठ्या वळणाचा. आता आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा चार इंची ग्राइंडर घ्या, त्याला फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती, लावलेली, मिनिटाला ११,००० आवर्तनं. कडेच्या कणाचा वेग येतो सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. त्या वेगाला लाकूड घासलं जात नाही, खरवडलं आणि भाजलं जातं. होडीच्या फळ्या किंवा जुन्या दाराचा रंग उतरवायला ग्राइंडर ठीक आहे. देवघराच्या दाराला तो लावू नये. त्यानं पडलेल्या खळग्या घालवायला शेवटी रंधाच घ्यावा लागतो.

फेऱ्याइतकीच महत्त्वाची आहे पॅडची दुसरी गती. पॅड आसाला घट्ट जोडलेला नसतो, बेअरिंगवर मोकळा असतो. बेअरिंगच्या ओढीनं तो फेरे घेता घेता स्वतःभोवती सावकाश फिरतो. म्हणून एकाच जागी तीच वर्तुळं पुन्हा पुन्हा पडत नाहीत; चरे एकमेकांवरून जातात आणि नजरेला नाहीसे होतात. काम लवकर व्हावं म्हणून माणूस सँडरवर भार देतो आणि इथेच घात होतो. दाबलेल्या पॅडचं स्वतःभोवती फिरणं थांबतं, उरतो नुसता फेरा, आणि प्रत्येक कण आपलं वेटोळं त्याच ठिकाणी कोरत बसतो. सव्वा-दीड किलोच्या यंत्राला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. हात फक्त दिशा द्यायला.

घेण्याआधी दुकानातच परीक्षा करता येते. पॅडच्या कडेवर मार्करनं एक जाड उभी रेघ ओढा. यंत्र चालू करून लाकडाच्या तुकड्यावर सपाट टेकवा, मधल्या वेगावर ठेवा. रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. वरून थोडा दाब द्या, ती मंदावेल. आणखी दिलात तर थांबेल. किती दाबाला थांबते ते हातानं लक्षात ठेवा, कारण कामात त्याच्या पुष्कळ अलीकडे राहायचं आहे. मग यंत्र चालू ठेवून उचला. पॅडला ब्रेक असेल, म्हणजे कडेला घासणारी रबरी कडी असेल, तर पॅड हवेत सुसाट सुटणार नाही. ब्रेक झिजलेला असेल तर तो मोटरच्या वेगानं फिरू लागतो आणि पुन्हा टेकवताना फळीवर चंद्रकोर कोरतो. ही कडी आणि खालचा वेल्क्रोचा पॅड, दोन्ही झिजणारे भाग आहेत. ते जवळच्या बाजारात मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, हे यंत्राच्या किमतीआधी विचारावं.

एकच सँडर घ्यायचा तर १२५ मिलिमीटरचा पॅड, अडीच ते तीन मिलिमीटरचा फेरा आणि कमी-जास्त करता येणारा वेग. पाच मिलिमीटरचा फेरा जेवणाच्या मोठ्या टेबलांचं काम रोज असणाऱ्यानं घ्यावा, तोही दुसरा सँडर म्हणून. चौकोनी पॅडचा फिनिशिंग सँडर स्वस्त पडतो, साध्या २३० बाय २८० च्या कागदाच्या पाव तुकड्यावर चालतो आणि कोपऱ्यापर्यंत पोचतो; पण त्याचा पॅड स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून वेटोळी राहण्याचा धोका त्यात जास्त. पट्ट्यासारखा कागद फिरवणारा बेल्ट सँडर सपाटीसाठी, फिनिशसाठी नव्हे. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाखेच्या खेळण्यांसारख्या गोल वस्तूंना सँडर लागतच नाही. तिथे लाकूड चरकावर, म्हणजे लेथवर, फिरतं आणि कागद स्थिर धरतात.

धूळ ओढण्याची सोय ही चैन समजली जाते, पण फिनिशचा तिच्याशी थेट संबंध आहे. पॅडखाली अडकलेला भुसा कणांमध्ये भरतो, त्याच्या गोळ्या होतात आणि त्या गोळ्याच चरे ओढतात. कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर बसली पाहिजेत. आठ भोकांच्या पॅडला पाच भोकांचा कागद लावला तर बरीच धूळ आतच राहते. यंत्राच्या मागची कापडी पिशवी बारीक धूळ धरत नाही, व्हॅक्यूम हवाच. चांगला व्हॅक्यूम सँडरपेक्षा महाग पडतो, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, तरी घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. साग आणि शिसवाच्या धुळीनं कातडीला खाज आणि पुरळही येतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावावा. आणि विजेचा हिशेब: ३०० वॅटचा सँडर आणि १,२०० वॅटचा व्हॅक्यूम मिळून २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतात. घरातल्या सहा अँपिअरच्या एकाच प्लगवर दोन्ही लावू नयेत. व्हॅक्यूम सोळाच्या प्लगवर न्यावा.

आता कागद. सुतार ‘ऐंशी नंबर’, ‘एकशेवीस नंबर’ म्हणतात तो आकडा कणाच्या बारीकपणाचा. पी ८० चा कण सरासरी २०० मायक्रॉनचा, पी १२० चा १२५, पी १८० चा ८२, पी २२० चा ६८, म्हणजे जवळजवळ माणसाच्या केसाच्या जाडीचा. प्रत्येक नंबरचं काम एकच: आधीच्या नंबरचे चरे घालवणं. ८० वरून थेट १८० वर उडी मारली तर ८२ मायक्रॉनच्या कणाला २०० मायक्रॉनच्या कणानं पाडलेली दरी घालवत बसावं लागतं. तेवढा वेळ कुणी देत नाही, आणि मग पॉलिशखाली ८० ची वेटोळी उगवतात. रंधा चांगला मारला असेल तर ८० ची गरजच नाही, १२० पासून सुरुवात करावी.

एका नंबरला वेळ किती द्यायचा? सँडर सेकंदाला अडीच सेंटिमीटर सरकला पाहिजे. बहुतेक हात याच्या तीन-चार पट वेगानं धावतात. झोपाळ्याची फळी दीड मीटर लांब आणि साठ सेंटिमीटर रुंद धरू. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा तर असे दहा पट्टे होतात, मिळून पंधरा मीटर, आणि अडीच सेंटिमीटरच्या चालीनं दहा मिनिटं. एका बाजूला, एका नंबरला, एकदा. १२०, १८०, २२० असे तीन नंबर केले तर अर्धा तास. हेच काम दहा मिनिटांत उरकलेलं असेल तर तिरप्या उजेडात ते बोलतं. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलीच्या फिकट आडव्यातिडव्या रेघा माराव्यात आणि त्या सगळीकडे सारख्या पुसल्या जाईपर्यंत थांबू नये. नंबर बदलताना फळी झाडून पुसावी, कारण मागे राहिलेला ८० चा एकच कण २२० च्या कागदाखाली गेला तरी पुरे होतो. शेवटी बॅटरी फळीला जवळजवळ टेकवून आडवा झोत मारावा. मग २२० च्याच कागदानं, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, हातानं लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं आठ-दहा ओढी द्याव्यात. वेटोळ्यांचे जे काही अवशेष असतील ते रेषेत मिसळून जातात.

२२० च्या पुढे उघडं लाकूड घासू नये, विशेषतः स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, किंवा तेल द्यायचं असेल तर. पृष्ठभाग चकचकीत होतो, पण रंग आत शिरत नाही. ३२० आणि ४०० ठेवावेत पॉलिशच्या दोन हातांच्या मध्ये, सीलर (रंध्रं बुजवणारा पहिला थर) किंवा पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) वाळल्यावर. फळीच्या टोकाला मात्र, जिथे रेषा उघडी पडते, एक नंबर जास्त बारीक घासावा. ते टोक स्पंजासारखं पॉलिश पितं आणि काळं पडतं.

लाकूड लाकडात फरक आहे. फणसाची रेषा एका पट्ट्यात उजवीकडे, पुढच्यात डावीकडे झुकते. रंध्याला कुठे ना कुठे ती उलटी लागतेच आणि चिपा उडतात. म्हणून फणसाला सँडर खरा उपयोगी. त्याच्या गाभ्यात पिवळा रंग असतो, ब्रह्मदेश-थायलंडकडे बौद्ध भिक्षूंची वस्त्रं त्यानं रंगवत आले आहेत. ओलं फडकं फणसावर फिरवून तेच फिकट लाकडाला लावलं तर डाग ठरलेला. सागात नैसर्गिक तेल असतं आणि वाळूचा अंश, सिलिका. तेलानं कागद भरतो, सिलिकानं बोथटतो. सागाला पांढरट स्टिअरेटचा, कागद भरू न देणारा, थर दिलेला कागद घ्यावा आणि फणसाला जितका लागेल त्याहून जास्त घेऊन ठेवावा. आंबा मऊ, त्याची लव उठते. त्याला सीलरचा पातळ हात देऊन, लव कडक झाल्यावर २२० नं कापावी. सह्याद्रीच्या उतारावरच्या खरवताची खरखरीत पानं पूर्वी लाकूड गुळगुळीत करायला वापरत, त्या पानांतही सिलिका असतेच. कागदाचा तो आजोबाच म्हणायचा.

आणि पाऊस. कोकणात चौरंग, पाट, मखर यांची कामं नेमकी श्रावणात येतात, जेव्हा हवेत ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते. अशा हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात २० टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं. ६५ टक्के आर्द्रतेला ते १२ च्या आसपास असतं. ओलसर तंतू कापले जात नाहीत, दबतात. संध्याकाळी गुळगुळीत वाटलेला पाट सकाळी खरखरीत लागतो, कारण दबलेले तंतू रात्रीत पाणी पिऊन उभे राहिलेले असतात. यावर इलाज असा की त्यांना आधीच उभं करावं. १८० नंतर पिळलेलं ओलं फडकं फिरवावं, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावं आणि २२० चा ताजा कागद एकदाच, हलक्या हातानं फिरवावा. त्याच दिवशी पहिला हात द्यावा, उद्यावर टाकू नये.

कागदही पाणी पितो. मागची कागदी बाजू फुगते, कणांची बाजू फुगत नाही, आणि चकती वाटीसारखी वळते. वळलेली चकती वेल्क्रोवर नीट धरत नाही, कडेनं घासते. पावसाळ्यात चकत्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह आणि वर वजन ठेवून साठवाव्यात. खाऱ्या हवेत सँडरचं बेअरिंगही लवकर गंजतं. काम झालं की हवेच्या झोतानं आतला भुसा उडवावा, कारण ओल धरतो तो हा भुसाच. पॅडची वेल्क्रो तापून वितळत असेल, चकती सारखी निसटत असेल, तर नवी चकती लावण्याआधी पॅडवर बोट फिरवून बघावं. हुक आडवे झोपलेले असतील तर पॅडच बदलावा लागेल.