दोन इंटरनेट लाइनवर बीजीपी सुरू करण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत तुमचा कारखाना आहे, दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या आहेत आणि एक पडली तरी तुमचा सर्व्हर बाहेरून त्याच पत्त्यावर सापडायला हवा. त्यासाठी बीजीपी लागतो, म्हणजे कोणते पत्ते कुठल्या वाटेने गाठायचे हे नेटवर्कांनी एकमेकांना सांगायची पद्धत. हे पत्रक अशा ग्राहकांसाठी आहे. शहरातल्या छोट्या इंटरनेट सेवावाल्यांनाही ते उपयोगी पडेल. ऑफिसात नुसते मेल आणि जीएसटीचे रिटर्न चालत असतील, तर मात्र बीजीपीच्या नादी लागू नका. साधा फेलओव्हर, म्हणजे एक लाइन पडली की आपोआप दुसरी, पुरतो, आणि आम्ही तोच बसवून देऊ.

बीजीपीसाठी स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर तुमच्या नेटवर्कची ओळख) आणि स्वतःचे आयपी पत्ते लागतात. भारतात दोन्ही आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडे अर्ज करून मिळतात. आयपीव्ही४ मध्ये किमान /२४, म्हणजे २५६ पत्त्यांचा ब्लॉक हवा. त्याहून लहान ब्लॉक बाहेरची नेटवर्क सहसा घेत नाहीत.

बीजीपी चालवायला स्विच घेताना जपून. बऱ्याच लेअर-३ (राउटरचेही काम करणाऱ्या) स्विचवर बीजीपीचे लायसन्स वेगळे घ्यावे लागते. शिवाय जगभरच्या आयपीव्ही४ राउटची, म्हणजे प्रत्येक ब्लॉककडे जाणाऱ्या वाटांची, यादी आज दहा लाखांच्या घरात आहे आणि साध्या स्विचच्या हार्डवेअरमध्ये तेवढी जागा नसते. १२ ऑगस्ट २०१४ ला ही यादी ५,१२,००० च्या पुढे गेली, तेव्हा ठिकठिकाणच्या जुन्या राउटरांनी मान टाकली होती. म्हणून स्विचवर आम्ही दोन्हीकडून फक्त डिफॉल्ट राउट, म्हणजे ‘बाकी सगळे इकडे पाठवा’ ही एकच वाट, घेतो. पूर्ण यादीच हवी असेल तर सरळ राउटर घ्या.

सेशन, म्हणजे समोरच्या कंपनीच्या राउटरशी बीजीपीची जोडणी, उभे करायला फार वेळ लागत नाही. दोन्ही बाजूंचे एएस नंबर आणि शेजाऱ्याचा (त्या समोरच्या राउटरचा) आयपी टाकला की झाले. खरी मेहनत फिल्टरची, म्हणजे कोणते राउट घ्यायचे-द्यायचे या नियमांची, कारण समोरचा सांगेल ते बीजीपी खरे धरतो. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्याच /२२ ब्लॉकमधला एक /२४ आपला म्हणून जाहीर केला. ते देशाबाहेर जायला नको होते, पण पाकिस्तान टेलिकॉमला इंटरनेट देणाऱ्या वरच्या कंपनीने न तपासता पुढे सोडले. नेमका, लहान ब्लॉकचा राउट नेहमी वरचढ ठरतो. त्यामुळे सुमारे दोन तास जगभरातल्या लोकांना यूट्यूब मिळेना.

तुमच्याकडून होऊ शकणारा घोळ वेगळा असतो. एका कंपनीकडून शिकलेले राउट दुसरीला सांगितले गेले, तर त्या दोघांची वाहतूक तुमच्या कारखान्यातून वाहू लागते आणि दोन्ही लाइन तुंबतात. म्हणून बाहेर जाणाऱ्या फिल्टरमध्ये फक्त तुमचाच ब्लॉक असतो, बाकी सगळे बंद. आत येताना खासगी पत्ते आणि तुमचाच ब्लॉक नाकारायचा, आणि किती राउट आले की सेशन तोडायचे ती मर्यादा घालायची. फिल्टर नसेल तर काहीच देऊ-घेऊ नये, असा नियम आरएफसी ८२१२ या इंटरनेट मानकात २०१७ पासून आहे. सगळे स्विच तो आपणहून पाळत नाहीत. फिल्टर लागल्याशिवाय आम्ही सेशन सुरू करत नाही, कितीही घाई असली तरी.

बीजीपीचे पोर्ट १७९ फक्त त्या दोन शेजाऱ्यांनाच उघडे ठेवतो, सेशनला पासवर्ड लावतो आणि शेजारी थेट जोडलेला असेल तर टीटीएल २५५ ची तपासणीही (पाकीट मध्ये दुसऱ्या राउटरमधून न येता थेट आले का, ती) सुरू करतो. आयआरआयएनएनच्या पोर्टलवर आरओए (हा ब्लॉक कोणत्या एएस नंबरवरून जाहीर व्हावा याची नोंद) बनवणे मात्र तुमच्या खात्यातूनच होते. त्यात एएस नंबर किंवा ब्लॉकची लांबी चुकली, तर तपासणी करणारी नेटवर्क तुमचाच राउट फेकून देतात. भरताना आम्हाला शेजारी बसवा.

आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. तुमच्या दोन्ही लाइनची फायबर एकाच पुलावरून येत असेल, तर बीजीपी काहीही करू शकत नाही. दोन्ही कंपन्यांकडून फायबरचा मार्ग लेखी मागून घ्या, तोही करार करण्याआधी.

भेटायला येताना स्विचचे मॉडेल, त्यावरच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि दोन्ही कंपन्यांचे एएस नंबर आणा. काम झाल्यावर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एकेक लाइन काढून चाचणी घेतो. त्या वेळी तुमचा माणूस हजर हवा.