जामीन मंजूर, पण जामीनदार कुठे? खटल्यापूर्वीच्या सेवांची पार्श्वभूमी

जामीन मंजूर होणे आणि प्रत्यक्ष सुटका होणे यांत अंतर असते, हे सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या नाशिक जिल्हा न्यायालयाच्या आवारात वावरणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. आदेशात अमुक रकमेचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार असे लिहिलेले असते. मग आरोपीच्या घरच्यांची धावपळ सुरू होते ती अशा माणसाच्या शोधात, ज्याच्या नावावर सातबारा आहे, जो तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला आणू शकतो आणि जो स्वतःचे काम बुडवून न्यायालयात उभा राहायला तयार आहे. सुरगाणा-पेठ भागातून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला आलेल्या, किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागलेल्या माणसाला असा जामीनदार सहजी मिळत नाही. गावाकडे वनहक्काचा पट्टा असला, तरी तो कायद्याने विकता किंवा हस्तांतरित करता येत नसल्यामुळे ऐपतीच्या हिशेबात तो धरला जाणे अवघडच. जामीनदार मिळेपर्यंत मुक्काम नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात.

आरोपी खटल्याच्या तारखांना हजर राहील का, याची चौकशी आधीच करून ती न्यायाधीशांपुढे ठेवणे, त्याला शक्य तेथे जातमुचलक्यावर सोडणे आणि सुटल्यावर तारखांची आठवण करून देणे, या कामांना एकत्रितपणे खटल्यापूर्वीच्या सेवा म्हणतात. या सेवांचा विस्तार करावा, अशी चर्चा अलीकडे आपल्याकडेही होऊ लागली आहे. मात्र तिची मुळे बरीच जुनी आहेत, आणि त्या इतिहासात आपण नेमके काय घेतले व काय घ्यायचे राहून गेले, हे पाहिल्याशिवाय आजची अडचण नीट समजत नाही.

मराठेशाहीच्या कागदपत्रांत हाजीरजामीन आणि मालजामीन असे दोन निराळे जामीनदार आढळतात. एक माणसाला हजर करण्याची हमी घेई, तर दुसरा पैशाची. ब्रिटिश अमदानीत १८६१ साली पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि पुढे १८९८ च्या संहितेने दीर्घकाळ राज्य केले. जामिनाचा हेतू या संहितांतही आरोपीची हजेरी हाच होता, पण व्यवहारात ती हजेरी रुपयांत मोजली जाऊ लागली. स्वातंत्र्यानंतर १९७३ ची संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, तरी ही सवय मोडली नाही.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये एक वेगळाच प्रयोग झाला होता. रोख जामीन भरता न आल्यामुळे शहराच्या तुरुंगांत अडकून पडलेले तरुण पाहून लुई श्वाइट्झर या उद्योजकाने हर्बर्ट स्टर्झ यांच्या साथीने व्हेरा फाउंडेशन स्थापन केले, आणि १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू झाला. प्रयोग अगदी साधा होता. विधी शाखेचे विद्यार्थी अटक झालेल्या माणसाला न्यायालयात उभे करण्यापूर्वी भेटत. तो कुठे आणि किती वर्षांपासून राहतो, काम कुठे करतो, घरी कोण कोण आहे, पूर्वीचे गुन्हे आहेत का, हे विचारत. मग सांगितलेल्या गोष्टींची नातेवाइकांकडे, मालकाकडे खातरजमा करून घेत आणि ठरलेले गुण भरले तर पैसे न घेता सोडण्याची शिफारस न्यायाधीशांकडे करत. अशा शिफारशीवर सुटलेल्यांपैकी तारखेला न येणारे फारच थोडे निघाले. त्यातून १९६६ चा अमेरिकी संघराज्याचा जामीन सुधारणा कायदा आला, आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये या कामासाठी कायमस्वरूपी सरकारी यंत्रणा उभी राहिली.

हा विचार भारतात पोहोचायला फार वेळ लागला नाही. गुजरात सरकारने न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कायदेविषयक साहाय्य समितीने १९७१ च्या अहवालात जामिनाची पद्धत गरिबांवर अन्याय करणारी असल्याचे लिहिले. १९७८ साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यापुढे एका गवंड्याचे प्रकरण आले. त्याच्याकडून दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला होता, आणि भाऊ जामीन राहायला तयार असूनही त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले आणि परप्रांतात पकडला गेलेला माणूस तेथे मालमत्ताधारक जामीनदार आणणार कोठून, असा सवाल केला. सातपूरच्या कारखान्यातील बिहारी कामगाराबाबत तो सवाल आजही जसाच्या तसा लागू पडतो.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांविषयी इंडियन एक्स्प्रेसमध्ये लिहिलेल्या लेखांवरून अ‍ॅड. पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी याचिका दाखल केली. तीच हुसेनआरा खातून खटला म्हणून प्रसिद्ध झाली. गुन्हा सिद्ध झाला असता जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काही माणसे खटल्याविनाच आत होती. आता सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेल्या भगवतींनी येथे न्यूयॉर्कच्या प्रयोगाचा आधार घेतला, आणि वास्तव्याचा काळ, रोजगार, कौटुंबिक संबंध, पूर्वीची नोंद, ओळखीच्या जबाबदार व्यक्तींची ग्वाही अशा कसोट्या देऊन, ज्याची समाजात मुळे आहेत त्याला जातमुचलक्यावर सोडता येते, असे स्पष्ट केले. मात्र न्यायालयाने हे ठरवायचे ते त्याच्यापुढे ठेवलेल्या माहितीवरून, आणि ती माहिती कोणी गोळा करायची, कोणी पडताळायची व कोणी ठेवायची, याची व्यवस्था काही उभी राहिली नाही. माझ्या मते आजच्या अडचणीचा उगम इथेच आहे. कसोट्या आपण स्वीकारल्या, पण त्या लावण्यासाठी धावपळ करणारा माणूस नेमला नाही.

त्यानंतरच्या सुधारणा बहुतेक सुटकेच्या दुसऱ्या टोकाकडून झाल्या. २००५ च्या दुरुस्तीने, जी जून २००६ मध्ये लागू झाली, १९७३ च्या संहितेत कलम ४३६-अ आणले. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्याला त्यामुळे सोडता येऊ लागले. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार न देऊ शकणाऱ्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे, हेही त्याच वेळी आले. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करण्याला आळा घालण्याचा प्रयत्न केला. जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायाधीन बंदी (म्हणजेच कच्चे कैदी) आढावा समित्या बसू लागल्या. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार न दिल्यास न्यायालयाने अटी शिथिल करण्याचा विचार करावा. १९७३ च्या संहितेची जागा घेऊन १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यासाठी कमाल शिक्षेच्या निम्म्या काळाची मुदत एक तृतीयांशावर आणली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जुन्या प्रकरणांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत तो मात्र या तरतुदीतून वगळला गेला. चोरीच्या चार गुन्ह्यांत एकदमच नाव गोवले गेलेल्यांची संख्या पाहता हा अपवाद लहान नव्हे.

यातील प्रत्येक पाऊल आवश्यक होते, पण जवळजवळ प्रत्येक पाऊल माणूस आत गेल्यानंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा वर्षांनी पडते. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, दिली जाते त्या पहिल्या दिवशी न्यायाधीशांपुढे पोलिसांची कागदपत्रे असतात आणि आरोपीच्या घरादाराची पडताळलेली माहिती सहसा नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, म्हणजे दर शंभरांत सुमारे ७६. त्या वर्षी तुरुंगांची भरती क्षमतेच्या १३१ टक्क्यांवर होती.

पैशाचा प्रश्न सोडवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये गरीब बंद्यांना साहाय्य देणारी योजना आणली. तिच्या मूळ नियमांनुसार जिल्हास्तरीय समितीच्या मान्यतेने न्यायाधीन बंद्यासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत जामिनाची रक्कम भरता येत होती. तरीही अनेक राज्यांत हा निधी फारसा खर्च झाला नाही. त्याचे एक कारण उघड आहे: न्यायालये बहुधा रोख रक्कम मागत नाहीत, जामीनदार मागतात, आणि सरकार कोणाचा जामीनदार होत नाही. ही पोकळी भरून काढणारा बोगस जामीनदारांचा धंदा मात्र न्यायालयांच्या आवारात जुना आहे.

दुसरी वाट पाळतीची. अमेरिकेत या सेवांना जोडून धोक्याचे गुण काढणारी संगणकीय सूत्रे आणि पायातील इलेक्ट्रॉनिक पट्टे आले, आणि जुन्या अटकांच्या नोंदींवर बेतलेली सूत्रे जुनाच भेदभाव पुढे नेतात, अशी टीकाही झाली. आपल्याकडे ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीने नकाशावरील आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत कळवत राहावे, ही जामिनाची अट रद्द केली. सेवा कुठे संपते आणि पहारा कुठे सुरू होतो, हा प्रश्न विस्ताराच्या कोणत्याही योजनेत आधी सुटावा लागेल.

नाशिकसारख्या जिल्ह्यात त्यासाठी लागणारी माणसे अगदीच नाहीत असे नाही. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक आहेत, २०२२ पासूनची कायदेविषयक साहाय्य बचाव वकील पद्धती आहे, आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारीही आहेत. मात्र १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्यानुसार या अधिकाऱ्याचा अहवाल दोषसिद्धीनंतर मागवला जातो. तोच अहवाल अटकेनंतरच्या दुसऱ्या दिवशी, जामिनाच्या अर्जासोबत मागवण्याची तरतूद २०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आलेली नाही.